एपिसोड संपल्यावर काय? टीव्ही मालिकेसाठी ट्रान्समीडिया कथा कशी रचायची

१९९० च्या सप्टेंबरमध्ये 'ट्विन पीक्स' ही अमेरिकन मालिका दोन सीझनच्या मधे थांबलेली होती. शाळकरी लॉरा पामरचा खून कोणी केला हे पहिल्या सीझनने सांगितलंच नव्हतं आणि प्रेक्षक उतावीळ झाले होते. नेमक्या त्याच दिवसांत पुस्तकांच्या दुकानांत लॉराची डायरी आली. मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड लिंच यांची मुलगी जेनिफर हिने ती लिहिली होती, पण आत बोलणारी लॉराच. बाराव्या वाढदिवसापासून सुरू होणारी ही डायरी शेवटाकडे येते तशी मधली पानं गायब व्हायला लागतात. कुणीतरी फाडून नेलेली. खुन्याचं नाव ज्या पानांवर असायला हवं, नेमकी तीच नाहीत.

ज्यांनी डायरी वाचली ते दुसऱ्या सीझनसमोर बसले, तेव्हा त्यांच्या लेखी लॉरा म्हणजे पहिल्या भागात सापडलेलं प्रेत एवढंच उरलं नव्हतं. ज्यांनी वाचली नाही त्यांचं काही अडलंही नाही. ट्रान्समीडिया कथा चांगली जमली की असंच होतं, आणि न वाचणाऱ्याचं काही अडत नाही हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वाक्यांना धरूनच आहेत. मालिका लिहिणाऱ्यांना, तिची निर्मिती करणाऱ्यांना किंवा माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून त्या मांडल्या आहेत.

आधी थोडी साफसफाई करू. हेन्री जेन्किन्स या अमेरिकन माध्यम-अभ्यासकाने २००३ मध्ये ही कल्पना एका लेखातून मांडली आणि पुढे ती रुळली. गाभा साधा आहे: एक कथाविश्व, अनेक माध्यमं, आणि प्रत्येक माध्यमातून त्या विश्वात काहीतरी नवी भर. यात भर हा शब्द पकडून ठेवा. कादंबरीवरून मालिका केली तर ते रूपांतर झालं, कारण गोष्ट तीच राहते. मालिकेच्या नावाचा टी-शर्ट म्हणजे विक्री. पुढच्या भागाची झलक इन्स्टाग्रामवर टाकली तर ती जाहिरात. प्रेक्षकाने बटण दाबून शेवट निवडायचा, तर ती संवादी मालिका, पण ती एकाच माध्यमात राहते. यातलं काहीच वाईट नाही. मात्र बैठकीत या सगळ्याला सरसकट 'ट्रान्समीडिया' म्हटलं जातं आणि शेवटी हातात फक्त जाहिरात उरते, असं फार वेळा होतं.

१. मूळ मालिका एकटी उभी राहते का ते पाहा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि ती सगळे गाळतात. बाहेरचं सगळं काढून टाकलं तर मालिका समजते का? रंगते का? संपूर्ण वाटते का? तिन्हींचं उत्तर हो नसेल, तर आधी पटकथा दुरुस्त करा. पटकथेतलं भोक वेबसाइटने बुजत नाही.

'लॉस्ट'चं उदाहरण इथे पुन्हा पुन्हा दिलं जातं ते उगाच नाही. २००४ ते २०१० चाललेल्या या मालिकेत ४, ८, १५, १६, २३, ४२ हे सहा आकडे सतत येत राहतात. लॉटरीच्या तिकिटावर, भुयाराच्या झाकणावर, जिथे तिथे. हे काय गौडबंगाल आहे, असं प्रेक्षक दोन सीझन एकमेकांना विचारत होते. २००६ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधे, 'द लॉस्ट एक्स्पीरियन्स' नावाचा खेळ इंटरनेटवर रंगला. खोट्या कंपनीची वेबसाइट, जगभर विखुरलेले व्हिडिओचे तुकडे, त्यांचा माग काढणारी एक तरुणी. तुकडे जोडले की कळायचं की हे आकडे एका समीकरणातले आहेत, मानवजातीचा अंत कधी होईल हे सांगणाऱ्या समीकरणातले. खेळणाऱ्यांनी ते शोधून काढलं आणि त्यांचा आनंद खरा होता.

पण ते उत्तर टीव्हीवर कधी नीट आलंच नाही. शेवटच्या सीझनमध्ये आकड्यांना वेगळाच संदर्भ मिळाला. म्हणजे नुसती मालिका पाहणाऱ्याला समीकरण माहीत नाही, आणि खेळ खेळलेल्याला प्रश्न पडतो की आपण कष्टाने मिळवलं ते खरं धरायचं की नाही. दोन्हीकडचे नाराज. यातून मला एक कडक नियम दिसतो: ज्या प्रश्नावर मालिका उभी आहे त्याचं उत्तर पडद्याबाहेर द्यायचं नाही, आणि बाहेर जे दिलं ते पडद्यावर कधी खोटं पाडायचं नाही.

२. फटी शोधा

मग बाहेर द्यायचं तरी काय? मालिकेतल्या फटींमधलं. कुठलीही चांगली पटकथा बरंच काही न सांगता पुढे सरकते. दोन प्रसंगांमधले तीन आठवडे, अर्धवट ऐकू आलेला फोन, भिंतीवरचा फोटो, चार वाक्यांत आटोपलेलं जुनं भांडण. पटकथा हातात घ्या आणि प्रत्येक भागाशेजारी या फटी लिहून काढा. मग प्रत्येकीपुढे दोन खुणा करा: हा प्रश्न प्रेक्षकाला आपणहून पडेल का, आणि उत्तर कळलं नाही तर मालिका अडेल का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, अशा फटीच तुमच्या कामाच्या. बाकीच्या सोडून द्या. प्रेक्षकाला पडलेलाच नाही अशा प्रश्नाचं उत्तर कितीही देखणं केलं तरी कोणी शोधायला येत नाही. अनेक मालिकांच्या सोबतच्या वेबसाइट ओस पडतात त्या यामुळेच.

हे जवळून पाहण्यासाठी एक काल्पनिक मालिका घेऊ. रात्रपाळीची ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूम. मीरा फोन घेते. तिसऱ्या भागात तिला एक फोन येतो, पलीकडे पुरुषाचा आवाज, दोन वाक्यं होतात आणि दृश्य तुटून कॅमेरा रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सवर जातो. परत येतो तेव्हा मीरा हेडफोन काढून बसलेली. पुढे काय बोलणं झालं? हा प्रश्न पडणारच, आणि उत्तर नसलं तरी भाग पुढे चालतो. म्हणजे ही फट कामाची.

आता त्या कॉलचं पूर्ण रेकॉर्डिंग प्रसिद्ध करायचं, दीड मिनिटाचं. पहिली दोन वाक्यं टीव्हीवर ऐकली तीच, आवाजही तोच, मागे पंख्याची घरघरही तीच. मग पुढचं. फोन करणारा म्हणतो, "तू अजून तिथेच बसतेस?" मीराने आतापर्यंत प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच विचारलाय, "पत्ता सांगा." या फोनवर ती तो विचारत नाही. सहा सेकंद काही नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज. बस. माणूस कोण, त्याचं तिच्याशी नातं काय, हे सांगायचं नाही. त्यासाठी आठवा भाग आहे.

आणि आता खरी कसोटी, चौथा भाग. तिथे एक साधं दृश्य लिहा: फोन वाजतो, मीरा तो तीनदा वाजू देते, मग उचलते. रेकॉर्डिंग न ऐकलेल्या प्रेक्षकाला वाटेल, दमलीय बिचारी. ऐकलेल्याला कळेल, ती घाबरलीय. दोन्ही अर्थ दृश्यात बसतात, कोणाचंही चुकत नाही, पण एकाला थोडं जास्त दिसतं. मालिकेबाहेर दिलेल्या अशा प्रत्येक तुकड्यासाठी असं एक दृश्य मालिकेत दाखवता यायला हवं. दाखवता येत नसेल, तर तो तुकडा सुटा आहे, मालिकेला धरून नाही.

३. माध्यम पात्राच्या हातातलं निवडा

बैठकीत पहिला प्रश्न साधारणपणे असा येतो: पॉडकास्ट करूया की गेम? उलटीकडून विचारा. या कथाविश्वात कोण काय लिहितं, नोंदवतं, जपून ठेवतं? कंट्रोल रूममध्ये कॉल रेकॉर्ड होतातच, म्हणून ध्वनिफीत. भिंतीवर ड्यूटी चार्ट असतोच, म्हणून त्याचा फोटो, एक नाव खोडलेलं. मीराने ब्लॉग लिहायला घेतला तर मात्र कोणाला पटणार नाही. बारा तासांची रात्रपाळी करून ब्लॉग कोण लिहितो?

याउलट बीबीसीच्या 'शेरलॉक'मध्ये ब्लॉग चपखल बसला, कारण डॉ. वॉटसनने शेरलॉकच्या करामती लिहून काढणं हे मूळ कथांपासूनच ठरलेलं. मालिकेत तो लॅपटॉपवर लिहिताना दिसतो आणि इंटरनेटवर तो ब्लॉग खरोखर होता. जोसेफ लिड्स्टर या लेखकाने तो सांभाळला. मालिकेत एका दृश्यमालिकेत झरझर निघून जाणाऱ्या प्रकरणांची नावं ब्लॉगवर सविस्तर नोंदी होऊन आली, आणि खाली इतर पात्रांच्या खोचक कॉमेंट. गंमत अशी की स्वभावचित्रणाची निम्मी मजा त्या कॉमेंटमध्येच आहे.

'कॅसल' या मालिकेचा नायक रहस्यकथा लिहिणारा लेखक. तेव्हा २००९ मध्ये त्याच्याच नावावर कादंबरी बाजारात आणली गेली आणि मलपृष्ठावर नायकाचं काम करणाऱ्या नटाचा फोटो छापला. 'ब्रेकिंग बॅड'मधला मुलगा वडिलांच्या उपचारांसाठी पैसे गोळा करायला वेबसाइट काढतो. ती वेबसाइट खरोखर होती, एखाद्या शाळकरी मुलाने बनवल्यासारखीच, भडक आणि गचाळ. ती सुधारायला कुठल्याही कंपनीच्या डिझायनरचे हात शिवशिवले असतील, पण सुधारली असती तर मेली असती.

कमी खर्चाची माध्यमं याच वाटेने सापडतात. चिठ्ठी, व्हॉइस नोट, पावती, वर्गातला गटफोटो. गेम किंवा कॉमिक काढायचं असेल तर त्याला वेगळा लेखक, वेगळा पैसा आणि सर्वांत आधी वेगळं कारण लागतं.

४. कथाविश्वाची वही

मालिकांना बायबल असतं, म्हणजे सगळं नोंदवलेली एक वही: पात्रं, इतिहास, जागा, नियम. ट्रान्समीडिया करायचं ठरलं की त्यात तीन रकाने वाढवा. एखादी गोष्ट कथेत केव्हा घडली, प्रेक्षकाला ती पहिल्यांदा कुठे कळते, आणि त्या क्षणी कोणकोणत्या पात्रांना ती ठाऊक आहे. तिसऱ्या रकान्याकडे दुर्लक्ष झालं की घोळ होतो. पात्राच्या खात्यावरून मंगळवारी एखादी गोष्ट लिहिली जाते आणि शुक्रवारच्या भागात तेच पात्र ती पहिल्यांदा ऐकून थक्क होतं. चाहत्यांना हे पाच मिनिटांत सापडतं. 'लॉस्ट'च्या चाहत्यांनी विकी उभारून जे खोदकाम केलं त्यासमोर कुठलीही रायटर्स रूम, म्हणजे मालिकेच्या लेखकांची टोळी, फिकी पडेल.

वहीला मालक एकच हवा. तो मुख्य लेखकांच्या टेबलावर बसणारा असावा, मार्केटिंगच्या मजल्यावरचा नव्हे. पात्राच्या तोंडी जाणारं प्रत्येक वाक्य, मग ते इन्स्टाग्रामवरचं दोन शब्दांचं का असेना, त्याच्या नजरेखालून गेलं पाहिजे. बाहेरचं काम बाहेरच्या एजन्सीला देऊन मोकळं होण्याची सवय सगळीकडे आहे आणि बहुतेक पोकळ प्रकल्पांचं मूळ तिथेच सापडतं.

येण्याजाण्याची वाटही ठेवा. 'हीरोज' या मालिकेत हाना गिटेलमन हे पात्र आधी ऑनलाइन कॉमिकमध्ये आलं आणि मग टीव्हीवर अवतरलं. कॉमिक वाचणाऱ्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. इतरांसाठी ते एक नवं पात्र. बाहेरचं आत येऊ शकतं, एवढं एकदा जरी दिसलं तरी पुढच्या प्रत्येक तुकड्याकडे प्रेक्षक गांभीर्याने पाहतो.

५. वेळापत्रक: सगळं इथे ठरतं

माझ्या मते माध्यमांच्या निवडीपेक्षाही तारखा आणि वेळा महत्त्वाच्या. याचा सर्वांत सुंदर नमुना नॉर्वेचा आहे. तिथल्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीला किशोरवयीन मुली दुरावल्या होत्या. त्यांच्यासाठी यूली आन्डेम यांनी 'स्काम' लिहिली आणि दिग्दर्शित केली. २०१५ ते २०१७, चार सीझन, दर सीझनला मुख्य पात्र वेगळं. लिहिण्याआधी त्यांनी देशभरातल्या मुलामुलींशी प्रदीर्घ बोलणी केली होती. आणि मालिका आली तेव्हा जाहिरात जवळजवळ नव्हतीच. मोठ्यांनी शिफारस केली की ते वय पळून जातं, हे वाहिनीने ओळखलं होतं.

मालिका दिसायची कशी? एपिसोड आठवड्यातून एकदा यायचा, पण त्याआधी त्याचे तुकडे आठवडाभर वेबसाइटवर पडत राहायचे, आणि ज्या वारी, ज्या वेळेला कथेत ते घडतं नेमके त्या वेळेला. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत वार आणि वेळ. सोमवारी सकाळचं शाळेतलं भांडण सोमवारी सकाळी. शनिवारी रात्रीची पार्टी शनिवारी रात्री. मधल्या काळात पात्रांच्या आपसातल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि त्यांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरचे फोटो. शुक्रवारी सगळे तुकडे जोडून पूर्ण भाग. तुकडा कधी येईल हे आधी सांगितलं जात नसे. म्हणजे मुलगी वर्गात बसलीय, फोन उघडते, आणि तिच्याच वयाची एक मुलगी त्याच क्षणी, त्याच सकाळी, वर्गात बसून रडतेय. पात्र आणि प्रेक्षक एकाच घड्याळावर जगतात.

तंत्र म्हणून यात काहीच महागडं नाही. छोटे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, फोटो. कमाल वेळेची आहे. आणि किंमतही वेळेचीच मोजावी लागते: संपूर्ण सीझनची कथा दिनदर्शिकेवर बसवायची, सुट्ट्या, परीक्षा, संध्याकाळचा अंधार सगळं जुळवायचं. चित्रीकरण डिसेंबरच्या प्रसंगाचं असेल तर तो प्रसंग डिसेंबरमध्येच दाखवावा लागतो. मालिकेची तारीख पुढे ढकलली की सगळं कोसळतं.

तुमच्या मालिकेला हे टोक झेपणार नसेल, तरी तीन प्रकारच्या वेळा वेगळ्या करा. भाग संपल्यावर लगेच: मीराच्या कॉलचं रेकॉर्डिंग इथे, कारण कुतूहल ताजं असतं आणि दोन दिवसांत विरतं. दोन भागांच्या मधे: हलकेफुलके तुकडे, पात्रांची रोजची कुरकुर. १९९८ च्या सुमारास 'डॉसन्स क्रीक'ने नायकाच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉपच प्रेक्षकांना उघडून दिला होता आणि त्याचे ईमेल, त्याची रोजनिशी आठवडाभर भरत राहायची. मधल्या दिवसांचा तो नमुना आजही शिकण्यासारखा. आणि तिसरी, दोन सीझनच्या मधली लांब पोकळी: लॉराच्या डायरीसारखं मोठं, एकसंध काम तिथे शोभतं.

एक धोकाही सांगून ठेवतो. दोन माध्यमांना एकमेकांच्या तारखांवर टांगू नका. 'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिकेच्या पहिल्या सीझनचा मोठा उलटफेर त्याच स्टुडिओच्या 'कॅप्टन अमेरिका' चित्रपटात घडणार होता, आणि तो चित्रपट लागणार होता एप्रिल २०१४ मध्ये. मालिका सुरू झाली २०१३ च्या सप्टेंबरमध्ये. तोवर हुकमाचं पान झाकूनच खेळावं लागलं आणि सीझनचा मोठा भाग त्यामुळे रेंगाळला. चित्रपट लागताच मालिकेत जीव आला, पण तोपर्यंत टिकून राहिलेल्यांनाच तो दिसला. २०१३ मध्येच आलेल्या 'डिफायन्स'ने वेगळी वाट धरली: मालिका एका शहरात आणि ऑनलाइन गेम त्याच विश्वातल्या दुसऱ्या शहरात. गेम बनवणाऱ्यांना पटकथेची आणि पटकथाकारांना गेमची रोज वाट पाहावी लागू नये म्हणून अंतर ठेवणं ही शहाणी युक्ती होती. मालिका २०१५ मध्ये बंद झाली, गेम मात्र २०२१ पर्यंत चालू राहिला.

६. प्रेक्षकांचे थर आणि दारं

बहुसंख्य लोक फक्त मालिका पाहतील. थोडे जण मालिकेनंतर हाताशी आलेली एखादी गोष्ट उघडतील. अगदी मोजके खणत बसतील. तिन्ही जण तुमचेच आहेत, त्यामुळे तिघांसाठी वेगवेगळ्या खोलीचं काम ठेवा. पहिल्यासाठी काहीच करावं लागू नये. दुसऱ्यासाठी दोन मिनिटांचं, नोंदणी न मागणारं, फोनवर उघडणारं काहीतरी. तिसऱ्यासाठी कोडी. 'मिस्टर रोबोट'मध्ये पडद्यावर क्षणभर दिसणारे वेबपत्ते आणि फोन नंबर खरोखर चालायचे. ज्याला थांबवून पाहायचं त्याने पाहावं, बाकीच्यांना ते नुसतं दृश्यातलं सामान.

दार कुठे आहे हे मात्र दिसलं पाहिजे. नंबर दाखवायचा तर पुरेसा वेळ, वाचता येईल असा दाखवा. आणि तुमच्या प्रेक्षकाच्या हातात काय आहे ते आधी पाहा. दूरदर्शनवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मैं कुछ भी कर सकती हूँ' या मालिकेने स्मार्टफोन गृहीत धरला नाही. साध्या फोनवरून मिस्ड कॉल दिला की उलट फोन यायचा आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजातून प्रेक्षकाशी मालिकेच्या विषयावर बोलणं व्हायचं, त्याला आपलं मतही सांगता यायचं. चकचकीत ॲपपेक्षा हे कितीतरी लांब पोचतं.

७. खेळ आणि फसवणूक यांच्यातली रेषा

प्रेक्षकाला कथेत ओढण्याच्या नादात एक गडबड होते. स्वीडनच्या एसव्हीटी वाहिनीने २००७ मध्ये 'सानिंगेन ओम मारिका' हा प्रयोग केला. एक तरुणी बेपत्ता आहे अशी कथा, आणि मालिकेनंतर एक चर्चेचा कार्यक्रम, ज्यात ही घटना खरी असल्यासारखं बोललं जायचं. चर्चाही लिहिलेलीच होती. इंटरनेटवर आणि रस्त्यांवर शोधाशोध रंगली. प्रयोगाला पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, पण हे खरं की खोटं या संभ्रमावरून टीकाही झाली. सार्वजनिक वाहिनीवरच्या चर्चेत लोक खरं शोधायला येतात. तिथे काल्पनिक गोष्ट सोडली तर पुढच्या खऱ्या बातमीवरचा विश्वासही थोडा झिजतो.

म्हणून: पात्राच्या खात्याच्या माहितीत हे काल्पनिक पात्र आहे हे लिहा. बातमीपत्र, पोलिस, रुग्णालय, सरकारी खातं यांची हुबेहूब नक्कल करू नका. आत्महत्या, हिंसा, आजार असे विषय असतील तर खऱ्या मदतीचा नंबर कथेबाहेरच्या आवाजात द्या, पात्राच्या नव्हे. आणि कोणी पात्राच्या खात्यावर मनातलं दुःख लिहून पाठवलं तर उत्तर कोण, कसं देणार, हे पहिल्या दिवसाआधी ठरवून ठेवा. असे मेसेज येतातच.

चाहत्यांनी स्वतःहून केलेल्या गोष्टींना, त्यांच्या तर्कांना, चित्रांना, लिखाणाला, वकिलाची नोटीस नको. तर्क बरोबर निघाला म्हणून कथा बदलू नका. आधी पेरलेलं ज्याला सापडलं तो तुमचा उत्तम प्रेक्षक आहे.

८. हक्क आणि मानधन

२००६ मध्ये 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या दोन सीझनच्या मधे 'द रेझिस्टन्स' नावाचे दहा वेबिसोड, म्हणजे इंटरनेटवर दाखवायचे छोटे भाग, आले. कथा म्हणून सुरेख. पण हे वेबिसोड म्हणजे मालिका की जाहिरात, यावरून वाद पेटला. जाहिरात मानली तर लेखकांना वेगळं मानधन नाही. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी जो संप केला, त्यात इंटरनेटवरच्या लिखाणाचे पैसे हाच कळीचा मुद्दा होता.

तेव्हा करारात आधीच लिहा: बाहेरच्या तुकड्यांचं लेखन, नटांचा आवाज, फोटो, त्यांच्या पात्राच्या नावाने चालणारी खाती. मीराचा आवाज लागणार असेल तर त्या नटीचे दोन तास चित्रीकरणाच्या दिवसांतच राखून ठेवा. सेट मोडल्यावर ती पंख्याची घरघरही मिळत नाही आणि ती नटीही.

९. मोजायचं काय

किती लाइक आले हा आकडा जाहिरातीसाठी ठीक. तुम्हाला हवंय ते वेगळं: तुकडा ऐकलेले लोक पुढच्या भागाला आले का, आणि चर्चेत ते मालिकेतल्या कुठल्या क्षणाबद्दल बोलतात. चौथ्या भागानंतर कोणी "फोन तीनदा का वाजू दिला ते कळलं का?" असं विचारताना दिसलं, तर काम झालं. कोणीच विचारत नसेल तर फट चुकीची निवडली होती, पुढची निवडा.

१०. बंद करणं

मालिका संपते, वेबसाइटचं भाडं थकतं, आणि वर्षभराने पत्ता भलत्याच कुणाच्या हातात जातो. मालिका मात्र पुन्हा दाखवली जाते, स्ट्रीमिंगवर राहते, आणि पडद्यावर तो पत्ता, तो नंबर दिसतच राहतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक तुकड्याची तारखेसकट प्रत ठेवा: पान, ध्वनी, मेसेज, त्याखालच्या पात्रांच्या कॉमेंटसुद्धा. शेवटी सगळं एका ठिकाणी क्रमाने लावून द्या, म्हणजे पाच वर्षांनी पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही कुठल्या भागानंतर काय उघडायचं ते कळेल; 'स्काम'सारखं त्या क्षणाचं घड्याळ त्याला मिळणार नाही, पण क्रम तरी मिळेल. पात्रांची खाती पुसू नका, फक्त थांबवा. आणि डोमेन व फोन नंबरच्या नूतनीकरणाची जबाबदारी निर्मिती संस्थेच्या हिशेब विभागाकडे द्या, लेखकाकडे नको. तो तोवर दुसऱ्या मालिकेच्या चौथ्या भागात अडकलेला असेल.